केसवालीची रेघ

तिला कारखान्यात सगळे केसवाली म्हणत, आणि हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस हटकून तिच्या डोक्याकडे बघे. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. चाळिशीतच विरळ झालेले केस ती मागे आवळून बांधायची, अंबाडा म्हणावा तर सुपारीएवढा. नाव पडलं होतं ते रेघेवरून. त्या कारखान्यात अक्षरं काढत. वीतभर उंचीचं एकेक अक्षर जाड कागदावर पेन्सिलीनं बांधायचं, शाईनं भरायचं, मग कॅमेऱ्यानं लहान-मोठं करून त्याचे साचे व्हायचे आणि ते छापखान्यांना, मासिकवाल्यांना, पाट्या करणाऱ्यांना विकले जायचे. एका घराण्यातल्या सगळ्या अक्षरांना मिळून तिथं वळण म्हणत. अक्षराच्या उभ्या जाड भागाला खांब म्हणत, गोलाईला पोट, आणि खांबाला खांब जोडणारी किंवा खांबाशेजारी एकटीच उभी राहणारी जी अगदी बारीक रेघ, तिला केस. केस काढण्यात तिचा हात धरणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

सतराव्या वर्षी ती तिथं लागली तेव्हा तिला अक्षरातलं ओ की ठो कळत नव्हतं. आई घरी शर्टांना काजं करायची, तिच्याजवळ बसून बोटं तयार झाली होती, एवढंच भांडवल. पहिली दोन वर्षं दुसऱ्यांनी बांधलेल्या अक्षरांत शाई भरण्यात गेली. तेव्हाचे मास्तर तोंडाचे फाटके होते, पण शिकवताना हातचं राखत नसत. त्यांचं म्हणणं, पट्टी अडाणी असते. तिला मोजता येतं, बघता येत नाही. गोल अक्षर चौकोनी अक्षराच्या उंचीएवढंच काढा, डोळ्याला ते बुटकं दिसणार, म्हणून गोलाला वर आणि खाली जरासं उतू जाऊ द्यायचं. आडवी रेघ उभीएवढी जाड काढा, ती सुजल्यासारखी वाटणार, म्हणून तिला जरा उपाशी ठेवायचं. पट्टी आणि डोळा भांडले तर डोळ्याच्या बाजूनं उभं राहायचं, हा त्या खोलीचा कायदा होता. मास्तर गेल्यावर तो तिनं चालवला. एखाद्यानं पट्टी काढून शहाणपणा केला तर ती म्हणायची, पट्टीलाच पगार द्यायला सांगू का साहेबांना? खोली हसायची आणि पट्टी खणात जायची.

तिचं स्वतःचं वळण बाहेर आलं ते चार वर्षांपूर्वी. त्याआधी अठ्ठावीस-तीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या वळणांची दुरुस्ती केली, जुन्या वळणांना जाड भाऊ आणि बारीक बहिणी काढून दिल्या, पण सगळं पहिल्यापासून आपल्या हातानं केलेलं हे एकच. खांब भरदार, काळेभोर, कोट घातलेल्या माणसांसारखे ताठ. केस असा की भिंतीवर कागद लावून दहा पावलं मागं गेलं की तो आहे म्हणून नव्हे, तर असायला हवा म्हणून दिसावा. आणि जाडातून बारकाकडे जाताना मधे पायरी नाही: पोट फुगत फुगत येतं आणि श्वास सोडल्यासारखं एकदम रेघ होतं. खांबांची पावलं ब्लेडच्या पात्यासारखी. असलं अक्षर मोठंच वापरायचं असतं. मासिकाच्या कपाळावर, अत्तराच्या खोक्यावर, निमंत्रणपत्रिकेवर, जिथं शब्द दोन-चार आणि भोवती कोरी जागा भरपूर. लहान केलं की केस मरतो, उरतात नुसते खांब, मोडक्या कुंपणासारखे. एका औषधवाल्यानं बाटलीच्या मागची बारीक सूचना या वळणात मागितली तेव्हा ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे कारखान्याचा मालक, गिऱ्हाईक परत गेलेलं त्याला सोसायचं नाही. ती म्हणाली, हे अक्षर लांबून नमस्कार घालणारं आहे, कानाला लागून औषध सांगणारं नाही. दुसरं वळण द्या त्यांना. साहेबानं नाक मुरडलं पण दिलं.

बाकी वळण असं चाललं की तिचं तिलाच नवल वाटलं. ज्यांना अक्षरातलं काही कळत नाही तेही दुकानाच्या काचेसमोर थबकायचे. जाणकारांनी लिहिलं की जाड-बारीक वळणं ढीगभर आहेत, पण सगळी थंड असतात, संगमरवरासारखी. या एकातला केस ताणलेल्या तारेसारखा आहे, बोट लावलं तर वाजेल. ती धाकट्या बहिणीकडे राहायची, लग्न केलेलं नव्हतं. बहिणीनं अत्तराचं एक रिकामं खोकं कुठूनसं मिळवून बैठकीतल्या फळीवर मांडलं होतं, आणि घरी येईल त्याला मेहुणा ते दाखवायचा: आमच्या ताईंचा हात. ती वरवर म्हणायची, पुरे झालं कौतुक. पण फळीवरची धूळ मात्र ती स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला खोक्याला हात लावू द्यायची नाही. माझ्यामागं राहायचं ते एवढंच राहणार, असं ती एकदा बहिणीला म्हणाली होती, आणि ते काही रडवेलं होऊन म्हणाली नव्हती. समाधानानंच म्हणाली होती.

मग संगीतगृहाचं काम आलं. नवी इमारत, दर्शनी भिंतीवर पितळेची अकरा अक्षरं, एकेक माणसाच्या उंचीचं. वळण तिचंच हवं होतं. एवढ्या आकाराला जुना केस दोरखंडासारखा दिसला असता, म्हणून ही अकरा अक्षरं तिनं नव्यानं, आणखी बारीक काढायला घेतली. सात आठवडे ती मान मोडून बसली.

याच दिवसांत बहिणीच्या घरात नवी खिडकी बसवली. सुतार जुना, ओळखीचा. चौकट बसवून तो हात पुसत होता तेवढ्यात ही कामावरून आली आणि दारातूनच म्हणाली, चौकट वाकडी आहे. सुतारानं ओळंबा सोडला. दोरी चौकटीला चिकटून सरळ खाली.

"ताई, हा ओळंबा माझ्या बापाचा आहे," तो म्हणाला. "त्यानं आजवर कुणाची भीड धरलेली नाही."

"माझ्या डोळ्यानंही धरलेली नाही," ती म्हणाली.

शेवटी मेहुण्यानं सुताराला खूण केली आणि त्यानं तिच्या डोळ्याला पटेल अशी चौकट तासून दिली. तेव्हापासून खिडकीचं दार मधे टेकायचं नाही, फटीत बहीण कागद कोंबायची. वारा येतो गं, ती म्हणायची, पण तुझ्या डोळ्याला बरं वाटतंय ना, मग येऊ दे. चहा ओतताना धार एक-दोनदा कपाबाहेर गेली, त्याला थकवा म्हणून सोडून दिलं. सात आठवड्यांच्या कामानंतर कुणाचीही धार बाहेर जाईल.

कारखान्यात तपासणीला जो होता त्याला भिंग म्हणत, कारण गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं असायचं आणि जेवतानाही ते तो काढायचा नाही. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली घडलेला, तिला बाई म्हणायचा. संगीतगृहाची अक्षरं तपासताना त्याला उभे केस मधोमध थोडे बाहेर आलेले वाटले. दार लावून त्यानं चोरून पट्टी लावली. खरंच होतं: दोन्ही टोकं पट्टीला धरून, मधला भाग केसाच्या अर्ध्या जाडीएवढा बाहेर. अकराच्या अकरा अक्षरांत, एकाच बाजूला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, बाई, हा केस मधे जरासा. पुढचं तो बोललाच नाही, कारण तिनं मान वर न करता विचारलं होतं, पट्टी लावलीस? आजूबाजूचे हसू दाबत होते. तो कानापर्यंत लाल झाला, परत जागेवर गेला आणि अकरा कागदांच्या कोपऱ्यात त्यानं आपली सही केली.

अक्षरं चढवायची त्या सकाळी सगळे इमारतीसमोर जमले. साहेब, संगीतगृहाचे दोन विश्वस्त, मुकादम, भिंग आणि ती. परांचीवर दहा अक्षरं लागली होती, अकरावं खाली भिंतीला टेकून उभं होतं. ती पोचली तेव्हा पितळेचं काम करणाऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून फैलावर घेतलं होतं. केस वाकलेत, मालाला आच जास्त लागली, पत्रा हलका वापरला, ज्याला जे सुचेल ते. शेवटी त्यानं पिशवीतून तिच्या कागदाचा पुऱ्या मापाचा नकाशा काढला, जमिनीवर पसरला आणि अकरावं अक्षर चौघांच्या मदतीनं त्यावर आडवं ठेवलं. कड कडेला मिळाली. सगळे तिच्याकडे बघू लागले.

तिनं वर बघितलं. उन्हात दहा अक्षरं झळझळत होती.

"सरळ तर आहेत की," ती म्हणाली.

साहेबानं रुमालानं मान पुसली. पितळवाल्याला तिचा राग यायला हवा होता, पण त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. त्यानं सुतळी घेतली, आडव्या ठेवलेल्या अक्षराच्या केसाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधली आणि म्हणाला, "बाई, खाली बसा. नुसतं बोट फिरवा."

ती बसली. वरच्या टोकाला सुतळी पितळेला लागून होती. बोट मध्याकडे गेलं तशी केसाची कड सुतळीपासून सुटत गेली, आणि बरोबर मधे तिचं अख्खं बोट फटीत गेलं. तिनं बोट तिथंच ठेवलं आणि बघितलं. डोळ्याला तिथं फट दिसत होती, पण वाकलेली दिसत होती सुतळी. मुकादम हळूच म्हणाला, बाईंना पाणी आणा.

डॉक्टरनं चौकडीचौकडीचा एक कागद समोर धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. मधल्या चौकटी पाण्यात भिजल्यासारख्या वाकल्या होत्या. डोळ्याच्या आतला मधला पडदा झिजत चाललाय, तो म्हणाला. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण मधलं जाईल, उजव्याचं आधी, मग डाव्याचं. यावर इलाज नाही. बहीण रडायला लागली. हिनं एकच विचारलं, हे कधीपासून असेल? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. हळूहळू होतं, माणसाला कळत नाही, मेंदू सांभाळून घेतो. महिने असतील. काही वर्षंही असतील.

परतीच्या वाटेवर बहीण काय काय बोलत होती. आता काम सोड, आम्ही आहोत ना. हिच्या कानात ते शिरत नव्हतं. काही वर्षं, एवढेच दोन शब्द डोक्यात ठाण मांडून बसले होते.

चौथ्या दिवशी ती कारखान्यात गेली. साहेब चांगलं वागला, हे कबूल करायला हवं. संगीतगृहाची अक्षरं भिंग पट्टीनं नव्यानं काढतोय, नुकसान आपण सोसू, तुम्ही नव्या लोकांना शिकवायला बसा, असं म्हणाला. ती म्हणाली, माझ्या वळणाचे मूळ कागद बघायचेत. साहेब चपापला. ते कशाला उकरताय, तो म्हणाला, ते वळण खपतंय, लोकांना आवडतंय, त्याला हात लावू नका. हात लावत नाही, ती म्हणाली, फक्त बघायचंय. आणि बघणार भिंग आहे, मी नाही.

मागच्या खोलीत सपाट खणांचं कपाट होतं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात तारीख. ती स्टुलावर बसली, भिंगानं कागद टेबलावर घेतले.

"आधी एक सांग," ती म्हणाली. "संगीतगृहाचं तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

तो भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "मला वाटलं, माझाच डोळा कच्चा. तुम्ही काहीतरी बघून काढलं असणार."

तिनं मान हलवली. यावर त्याला रागवायला तिच्याकडे काही नव्हतं. हा कायदा तिनंच त्याच्या हाडात मुरवला होता.

ती म्हणाली, शेवटच्या तारखेपासून मागं मागं जायचं. पट्टी ठेवायची आणि काय दिसेल ते बोलायचं. वाकडे माझ्या उजव्या हाताला, सरळ डावीकडे. गेल्या वर्षीचे कागद सगळे उजवीकडे गेले. त्याच्या आदल्या वर्षीचेही गेले, पण तिथं वाक कमी होता. अर्धा केस, मग अर्ध्याहून थोडा कमी. ती मनात हिशेब बसवत होती. म्हणजे गेली दोन वर्षं. म्हणजे वळणात मागाहून घातलेलं सगळं नासलं, पण मूळ वळण वाचलं. अत्तराचं खोकं वाचलं. तिनं पदरानं तळहात पुसले. आता चार-पाच वर्षांपूर्वीच्या तारखा सुरू झाल्या, वळणाची मूळ अक्षरं.

"सरळ," भिंग म्हणाला.

तिनं कागद घेण्यासाठी हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. पोलादी पट्टी टेबलावर टेकली की टक असा बारीक आवाज होत होता, इतका वेळ प्रत्येक कागदाला झाला होता. या कागदाला झाला नव्हता.

"पट्टी ठेव," ती म्हणाली.

"बाई, दिसतंयच की."

"ठेव रे."

टक झालं. तिनं वाट बघितली.

"पाव केस," तो म्हणाला. "मधे. त्याच बाजूला."

तिनं कागद उजवीकडे ठेवला. पुढचाही पाव केस. त्यापुढचाही. आकडे झाले, जोडअक्षरं झाली, मग सुटी अक्षरं. एकोणचाळीस कागद उजवीकडे गेले आणि एक राहिला. तो तिनं सगळ्यांत आधी काढला होता, एका सुट्टीच्या दिवशी घरी, बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर, आणि काढून झाल्यावर कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. त्याआधी कितीदा तरी तिनं असले केस काढले होते, पण असा कधी उभा राहिला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं होतं की हे आपलं आहे.

टक.

"आहे," भिंग म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला, "पण अगदी जराच, बाई. आणि खरं सांगू का, तार ताणल्यासारखा केस म्हणतात ना सगळे, तो यामुळेच दिसतो तसा. थोडा बाक आहे म्हणून ताण दिसतो. लोकांना तेच तर आवडलं."

"हो," ती म्हणाली. "तेच कळतंय मला."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी कशावर तरी हसलं. तिनं शेवटचा कागद उजव्या ढिगावर ठेवला, ढिगाच्या कडा दोन्ही हातांनी ठोकून सारख्या केल्या. भिंगाला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही.

"खालचा खण काढ," ती म्हणाली.

"खाली जुनंच आहे. दुरुस्त्या. तुम्ही मास्तरांच्या वेळेपासून केलेल्या."

"काढ. बाक हाताचा की डोळ्याचा, ते बघू."

त्यानं खण ओढला. तो जड होता, दोन वेळा अडकला. दुसऱ्यांच्या वळणांची जाड भावंडं, बारीक बहिणी, कुणी नाव न ठेवलेली, कुणी न विचारलेली, तीस वर्षांची. कागदांना पिवळेपणा आला होता. त्यानं वरचा उचलला, पट्टी ठेवली.

"सरळ," तो म्हणाला. या खेपेला टक झालं होतं.

पुढचा सरळ. त्यापुढचा सरळ. केस न केस दोऱ्यासारखा, कुठं तसूभर ढळलेला नाही. अशी रेघ आज या कारखान्यात कुणाला काढता आली नसती, त्यालाही नाही, आणि हे बोलून दाखवावं असं त्याच्या ओठांवर आलं. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गिळलं. तो नुसता वाचत गेला. सरळ, सरळ, सरळ. ती कागदाकडे बघतही नव्हती. आवाज झाला की हात पुढं करायची, कागद घ्यायची आणि डावीकडे ठेवायची. डावीकडचा ढीग वाढत वाढत तिच्या कोपरापर्यंत आला, तरी खणाचा तळ दिसला नव्हता.